औषधांची पिशवी टेबलावर उलटी करणारे डॉक्टर : जळगावच्या एका फिजिशियनकडचा आमचा दीड वर्षाचा अनुभव

रिव्ह्यू मोठा झालाय, सवडीने वाचा, पण घरात साठीच्या पुढचं माणूस असेल आणि त्याला रोजच्या पाच-सहा गोळ्या चालू असतील तर आजच वाचा. जळगावला एक एमडी मेडिसिन डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे आमच्या घरातले पाच जण वेगवेगळ्या कारणाने जाऊन आलो, त्याबद्दल लिहितोय. त्यांना न विचारता नाव टाकणं मला बरोबर वाटत नाही म्हणून टाकलेलं नाही, आणि जिथे आम्हाला त्रास झाला त्यांचंही नाव लिहीत नाही, भांडण काढायचं नाहीये. ज्याला खरंच गरज आहे त्याने विचारा, सांगेन.

आम्ही अमळनेरचे. २०२४ ची आखाजी (अक्षय तृतीया) १० मे ला होती, बहिणी माहेरी आलेल्या, पोरींचे झोके बांधलेले, आणि गच्चीवर कुरडया आणि बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) काम जोरात. आई ६८ वर्षांची, बीपी आठ-नऊ वर्षांपासून, गुडघे दुखतात, पण उन्हाळकाम म्हटलं की ती कोणाचं ऐकत नाही, पहाटे पाचला चीक शिजवायला बसणार म्हणजे बसणार. ऊन तर तुम्हाला माहितीये आपल्याकडचं, दहाच्या पुढे गच्चीवर चप्पल काढून पाय टेकवता येत नाही. आखाजी झाली आणि चार-पाच दिवसांनी आई गप्प गप्प राहायला लागली. मोठ्या बहिणीला धाकटीच्या नावाने हाक मारली तेव्हा सगळे हसले, मग चालताना भिंतीला हात लावायला लागली, जेवण नको म्हणायला लागली, आम्ही म्हटलं थकली असेल, ऊन लागलं असेल, कांद्याचा रस लावा, पन्हं द्या, पाणी जास्त प्या. ती बिचारी तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. आणि एका दुपारी उलटी झाली आणि आमच्याच घरात आमच्याच खाटेवर बसून म्हणते, "माले घर लई चला", मला घरी घेऊन चला. ते वाक्य ऐकलं आणि माझे हातपाय गळाले.

लगेच जवळच्या एका हॉस्पिटलला नेलं. तिथे सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला, तरी पॅरालिसिसचा छोटा झटका असू शकतो, एमआरआय करा, पाच दिवस आयसीयूत ठेवा असं सांगितलं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो, म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, तोल जायला लागला तर झटक्याचा संशय घेणं चूक नाही, सीटी करायलाच पाहिजे होता. माझी तक्रार वेगळी आहे. त्या दीड दिवसात आईला काय गोळ्या चालू आहेत हे एकानेही नीट विचारलं नाही. "बीपीची चालू आहे ना? बरं." एवढंच. शुगर बघितली, ईसीजी काढला, पण रक्तातलं सोडियम कोणी बघितलं नाही, ती साधी स्वस्तातली तपासणी आहे हे मला नंतर कळलं.

माझा मावसभाऊ जळगावला मेडिकल दुकानात कामाला आहे, तो फोनवर म्हणाला आधी या डॉक्टरांना दाखव आणि येताना घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन ये, एकूण एक, अर्ध्या राहिलेल्या पट्ट्यासुद्धा. धरणगावमार्गे गाडी काढली, आई मागच्या सीटवर बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून.

आता तो प्रसंग सांगतो ज्यामुळे हा रिव्ह्यू लिहावासा वाटला. डॉक्टर साहेब साधे, आपल्याच भागातले, आईजवळ खुर्ची ओढून बसले आणि अहिराणीत विचारलं, "माय, रोज कोनत्या गोया लेस तू?" आई इतका वेळ कोणाला उत्तर देत नव्हती, ती म्हणाली, "लाल, पांढरी, नि गुडघानी." मग त्यांनी आमच्या हातातली साडीच्या दुकानाची ती कापडी पिशवी घेतली आणि सरळ टेबलावर उलटी केली. अकरा पट्ट्या निघाल्या. त्यांनी सगळ्या एका ओळीत लावल्या, आणि बिलं बघत बघत मला एकेका पट्टीचं विचारत गेले, ही कधीपासून, ही कोणी दिली, ही कशासाठी दिली. मला अर्ध्याची उत्तरं येत नव्हती, बहिणीला येत होती.

गोष्ट अशी निघाली. जानेवारीत गुडघे जास्त दुखायला लागले म्हणून एका ठिकाणी दुखण्याची गोळी सुरू केली, तेव्हापासून रोज. या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात, अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. मग मार्चमध्ये बीपी वाढलेला दिसला, तर दुसऱ्या ठिकाणी बीपीची एम्लोडिपिन गोळी ५ ची १० केली. १० ने पायाच्या घोट्यांना सूज आली, ते त्या गोळीमुळे बऱ्याच जणांना होतं, त्यात किडनी-हृदयाचं काही बिघडलेलं नसतं. पण सूज आली म्हणून एप्रिलच्या शेवटी तिसऱ्या ठिकाणी लघवी वाढवणारी गोळी लावली, आपल्याकडे तिला पाण्याची गोळी म्हणतात. ती गोळी लघवीतून सोडियम काढते. वरून मे महिना, घाम, आईला कोणीतरी सांगितलेलं बीपी आहे तर मीठ बंद करा म्हणून वरण-भाजी अळणी, जेवण निम्मं, आणि साधं पाणी तांब्याने. डॉक्टरांनी शेवटच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले मला सोडियम कमी वाटतंय, रक्त पाठवतो, तासाभरात कळेल.

११६ आलं. नॉर्मल १३५ ते १४५.

म्हणजे एका गोळीचा त्रास झाला, त्याला नवीन आजार समजून दुसरी गोळी, तिचा त्रास झाला त्याला तिसरी, अशी ही साखळी. आणि तिन्ही ठिकाणच्या डॉक्टरांनी आपापल्या जागी काही भयंकर चूक केली असं नाही, पण अकरा पट्ट्या एका टेबलावर कोणी बघितल्याच नव्हत्या. आम्हीसुद्धा नाही. दुखण्याची गोळी, बीपीची टेलमिसार्टन आणि पाण्याची गोळी या तिन्ही एकत्र किडनीलाही वाईट हे त्यांनी तेव्हाच सांगितलं आणि किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी पाठवली, क्रिएटिनिन सुदैवाने थोडंसंच वाढलेलं होतं, नंतर उतरलं.

ॲडमिट चार दिवस. पाण्याची गोळी बंद, दुखण्याची बंद, आणि तीन टक्के मिठाचं सलाईन मशीनवर अगदी थेंब-थेंब. पहिल्या रात्री मी सिस्टरला म्हणालो जरा वेगाने लावा ना, आई अजून बरळतेय. त्यावर डॉक्टर साहेबांनी मला बाहेर बोलावून समजावलं की सोडियम हळूहळू उतरलेलं असतं तेव्हा मेंदू त्या पाण्याशी जुळवून घेतो, आपण झटकन वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून २४ तासांत आठ-दहाच्या वर चढू द्यायचं नाही. दर सहा तासांनी रक्त जायचं, मी प्रत्येक आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवला होता, ११६, ११९, १२१, १२४, असं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला की गच्चीवरचे बिबडे कोणी उचलले का. बहीण रडायलाच लागली.

एमआरआय झाला नाही. लागलाच नाही. डॉक्टर म्हणाले होते सोडियम सुधारूनही डोकं साफ झालं नाही तर करू, नाहीतर नाही.

घरी आल्यावरची ट्रीटमेंट पण सांगतो. अकरातल्या चार गोळ्या राहिल्या. गुडघ्याला पॅरासिटामॉल लागेल तशी, वरून लावायचा जेल, आणि मांडीचे व्यायाम, जे आई कुरकुर करत का होईना करते. एम्लोडिपिन परत ५ वर, सूज आपोआप गेली. बीपी घरी मोजायचं मशीन घ्यायला लावलं आणि मोजायचं कसं ते कंपाउंडर भाऊंनी पंधरा मिनिटं शिकवलं, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं, पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, पायावर पाय टाकायचा नाही, हात छातीच्या उंचीवर टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, बोलायचं नाही. दवाखान्यात १४०/९० पर्यंत चालतं तर घरच्या मोजमापाला १३५/८५ ची रेघ धरतात. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा लिहायचं, पहिला दिवस सोडून सरासरी. आणि उभं करूनही बीपी बघितलं, कारण म्हाताऱ्या माणसाचं उभं राहिल्यावर बीपी पडलं तर पडून खुबा मोडायचा. आमच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी आईला उभं करून बीपी बघितलं.

आणि एक, त्यांनी बजावून सांगितलं की हे ऐकून कोणी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. पाण्याची गोळी खूप जणांना चांगली लागू पडते, हार्ट फेल असलेल्याला तर तिच्यावाचून चालतच नाही. उन्हाळ्याच्या आधी एकदा डॉक्टरला विचारा, नवीन गोळी सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांनी सोडियम-पोटॅशियम बघा, एवढंच म्हणणं.

आता माझं स्वतःचं. मी ४४ वर्षांचा, पतसंस्थेत बसून काम. आईचं हे सगळं झाल्यावर मीच घाबरलो आणि एका लॅबचं फुल बॉडी चेकअप पॅकेज केलं, सत्तर-बहात्तर तपासण्या, घरी येऊन रक्त घेऊन जातात, पंधराशेच्या आत. रिपोर्ट मोबाईलवर आला, चौदा पानं, आणि सहा आकडे लाल. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ६.४, युरिक ॲसिड ७.८, व्हिटॅमिन डी १७, बाकी किरकोळ. खाली लिहिलेलं, थायरॉइडची सोनोग्राफी करून घ्यावी. दोन रात्री झोप नाही. गुगल केलं ते आणखी वाईट.

हे घेऊन डॉक्टर साहेबांकडे गेलो तर त्यांनी ती चौदा पानं बाजूला ठेवली आणि आधी मला विचारलं, वडील कशाने गेले? ५२ व्या वर्षी हार्ट ॲटॅकने. तंबाखू? नाही. झोप, घोरणं, चालणं, मीठ, कामाचा ताण. मग टेप काढून कंबर मोजली, ९८ सेंटिमीटर. आपल्या भारतीय पुरुषांना ९० च्या वर जास्तच धरतात. बीपी १४८/९४. मग कुठे रिपोर्ट उघडला.

त्यांनी जे समजावलं ते मी जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न करतो कारण मला ते कोणी कधी सांगितलं नव्हतं. लॅबची नॉर्मल रेंज बहुतेक वेळा अशी ठरवतात की १०० निरोगी माणसांपैकी ९५ त्यात बसावीत. म्हणजे पाच धडधाकट माणसं एका तपासणीत बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर १०० निरोगी माणसांतल्या ६४ जणांचा एक तरी आकडा लाल येणार, हिशोबच तसा आहे, आणि तुम्ही तर बहात्तर केल्यात. मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर ०.९५ ला वीस वेळा गुणलं, ०.३५८ येतं, म्हणजे बरोबर ६४.

टीएसएच १० च्या खाली, त्रास काही नाही, तर गोळी सुरू करायची घाई नाही, दोन-तीन महिन्यांनी टी४ सोबत परत बघू. परत केलं तेव्हा ४.१ आलं. पासष्टीच्या पुढच्या लोकांना तर अशा थोड्याशा वाढलेल्या टीएसएचसाठी गोळी देऊन काही बरं वाटत नाही हे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय म्हणाले. आणि सोनोग्राफीला सरळ नाही म्हणाले, गळ्याला गाठ हाताला लागत नाही तर बघायचं काय. त्यांनी दक्षिण कोरियाचं उदाहरण दिलं. तिथे बाकीच्या तपासण्यांसोबत गळ्याची सोनोग्राफी लोक वरचे थोडे पैसे भरून सर्रास करायला लागले, तर १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सर सापडण्याचं प्रमाण पंधरा पट झालं, पण त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण जिथल्या तिथेच. म्हणजे जे बारीक ठिपके माणसाला जन्मभर काही करणार नव्हते ते सापडले, त्यासाठी गळे कापले, आणि लोक आयुष्यभर गोळीवर गेले. युरिक ॲसिडलाही तेच, सांधा सुजला नाही, खडा नाही, तर नुसत्या आकड्याला गोळी नाही.

पण मग त्यांनी एक आकडा पेनाने गोल केला जो लाल नव्हता. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२. पुढे नुसतं बॉर्डरलाइन लिहिलेलं, मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. म्हणाले दुसऱ्या कोणाला मी नुसतं चाला-फिरा सांगितलं असतं, पण तुमचे वडील ५२ व्या वर्षी गेले, कंबर ९८, बीपी वाढलेलं दिसतंय, तुमच्यासाठी हा १४२ साधा नाही. बहात्तर तपासण्यांच्या त्या पॅकेजने मला वडिलांबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. हे मला फार लागलं. सात दिवस घरी बीपी मोजलं, सरासरी १३८/८८, म्हणजे दवाखान्यात आल्यामुळे वाढलं होतं असंही नाही, खरंच आहे. मीठ आणि वजन यावर तीन महिने दिले, वजन पाच किलो उतरलं, घरचं बीपी १३० च्या आत आलं, त्यामुळे बीपीची गोळी अजून नाही. कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, मात्र सुरू केली, ती पण मला फायदा काय, अंगदुखी होऊ शकते ती किती जणांना, शुगर किंचित वाढू शकते, सगळं सांगून मग "तुम्ही ठरवा, घाई नाही" म्हणून. मी आठवडाभर विचार केला, बायकोशी बोललो, आणि हो म्हणालो. मला ही पद्धत खूप आवडली. इतकी वर्षं डॉक्टर लिहितात आणि आपण गिळतो एवढंच माहिती होतं.

बायकोचं थोडक्यात. तिचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.६ आलं, ६.५ च्या वर म्हणजे शुगर, सगळ्यांनी तोंड गोड करणं बंद. डॉक्टरांनी तिचं हिमोग्लोबिन बघितलं, ८.२. म्हणाले लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वाढलेलं येऊ शकतं, कारण ती तपासणी लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते आणि पेशींचंच गणित बिघडलेलं आहे. उपाशीपोटी ९८, जेवणानंतर १३२, दोन्ही ठीक. आधी लोहाच्या गोळ्या, पाळीत रक्त जास्त जातं का त्याची तपासणी, मग चार महिन्यांनी परत. ५.८ आलं. उंबरठ्यावर आहे, काळजी घ्यायचीच, पण शुगरची गोळी नाही. म्हणजे रिपोर्ट हातात असूनही निदान चुकू शकतं.

आता भावाचं, आणि हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, शेती बघतो, तो फक्त आईला सोबत म्हणून आला होता, त्याला काही दाखवायचं नव्हतं. आईला तपासता तपासता डॉक्टर साहेबांचं लक्ष त्याच्याकडे गेलं, बोलताना त्याचं तोंड कमी उघडत होतं. म्हणाले, "भाऊ, तीन बोटं उभी करून तोंडात घाला बरं." गेली नाहीत. दोनच गेली. टॉर्च घेऊन गाल बाजूला ओढून बघितलं, डाव्या गालाच्या आत, जिथे तो वीस वर्षं तंबाखू-चुन्याची चिमूट दाबतो बरोबर तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा, पुसून न जाणारा. भावाला दुखत नव्हतं, म्हणून त्याला पत्ताच नव्हता, तिखट लागतं एवढं म्हणायचा, ठेचा खायचा सोडला होता पण कोणाला सांगितलं नव्हतं. लगेच चिठ्ठी दिली, तुकडा काढून तपासायला पाठवला. ते बारा दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरचे बदल सुरू झाले होते. चट्टा काढला, तंबाखू सुटली, दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो. सुपारी-तंबाखूने आखडलेलं तोंड पूर्ण मोकळं होत नाही पण व्यायामाने थोडं सुधारलंय.

या तपासणीला किती खर्च आला? काही नाही. तीन बोटं आणि एक टॉर्च. मी पंधराशेच्या पॅकेजमध्ये बहात्तर गोष्टी मोजल्या आणि त्यात तोंड कोणी बघत नाही. आणि डॉक्टरांनीच सांगितलं की ३० वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी, शुगर, तोंडाची, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी आरोग्य मंदिरात फुकट होते, आशाताई फॉर्म भरून घेतात त्यासाठीच. आमच्याकडे आशाताई दोनदा येऊन गेल्या होत्या, आम्ही "सगळे बरे आहेत" म्हणून परत पाठवलं होतं. नंतर वहिनी आणि माझी बायको दोघी जाऊन तपासून आल्या. गावातल्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, त्या ताईंना परत पाठवू नका.

पुतण्याचा ताप सांगून पुढे जातो. पोरगा धुळ्याला हॉस्टेलवर, सप्टेंबरमध्ये चार दिवस ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं. तिथे विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) केली, टायफॉइड निघाला, रोज सलाईन आणि इंजेक्शन सुरू. आपल्याकडे तर दर दुसऱ्या तापाला टायफॉइड निघतो. जळगावला आणला तर डॉक्टरांनी सांगितलं की विडाल १८९६ ची तपासणी आहे, आपल्या भागात आधी कधी येऊन गेलेल्या इन्फेक्शनमुळे किंवा दुसऱ्या तापानेही ती पॉझिटिव्ह येते, एका विडालवर टायफॉइड ठरवायचा नसतो, खरं कळायचं तर ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी पाठवलेलं चांगलं. मग भावाला म्हणाले, "तुम्ही शेतकरी आहात, मार्चमध्ये मोबाईलने पाऊस दाखवला तर तुम्ही पेरणी करता का? नाही. आणि जूनमध्ये तोच मोबाईल तोच पाऊस दाखवतो तर तिफण काढता. तपासणीचं तसंच आहे, आधी पेशंट बघून महिना कोणता चालू आहे ते ठरवायचं, मग रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा ते ठरतं." भावाला हे इतकं पटलं की तो आता गावात सगळ्यांना सांगत फिरतो. पुतण्याला डेंग्यू निघाला, डेंग्यूची एनएस१ तपासणी पॉझिटिव्ह. प्लेटलेट ६२ हजारांवर आल्या, सगळे नातेवाईक प्लेटलेट चढवा म्हणून मागे लागले, डॉक्टरांनी चढवल्या नाहीत, रक्तस्राव नसेल तर इतक्या आकड्याला लागत नाहीत म्हणाले, त्यापेक्षा रक्त घट्ट होतंय का, लघवी होते का, पोट दुखतं का ते बघत राहिले. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जास्त जपायचे हे मला नवीन होतं, आपण तर ताप उतरला की सुटलो म्हणतो. ओआरएस, नारळपाणी, पॅरासिटामॉल, दुखण्याची दुसरी कोणतीही गोळी नाही. सहाव्या दिवशी घरी.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत. थांबावं फार लागतं. नंबर ११ चा असला तरी दीड वाजतो, कारण ते एकेका पेशंटला वीस-पंचवीस मिनिटं देतात, आतल्या माणसाला बरं वाटतं आणि बाहेरच्याचा जीव जातो. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना उभा, गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या बायका कठड्याला धरून चढतात, हे त्यांनी खरंच बदलायला पाहिजे, मी तोंडावर सांगितलंय. खाली गाडी लावायला जागा नाही. उन्हाळ्यात बाहेरच्या हॉलमध्ये एकच कूलर, त्यातलं पाणी दुपारी संपतं. फोनवर डॉक्टर साहेब भेटत नाहीत, कंपाउंडर भाऊ निरोप घेतात आणि संध्याकाळी सातनंतर उलट फोन येतो, येतो नक्की, पण तोवर जीव टांगणीला. ज्याला अंग मोडून आलं की एक बाटली लावून पाहिजे असते त्याने जाऊ नका, ते उगाच सलाईन लावत नाहीत, माझ्यासमोर एक काका यावरून चिडून निघून गेले. आणि "नाही लागत" हे ते एकदाच सांगतात, नातेवाईकांपैकी दहा जणांना दहा वेळा सांगायला त्यांच्याकडे वेळ नाही, त्यामुळे काही लोकांना ते तुटक वाटतात. मला पहिल्या दिवशी वाटले होते.

फी ६०० पहिल्यांदा, सात दिवसांच्या आत परत दाखवलं तर पैसे नाहीत. रक्त कुठल्याही लॅबला करा म्हणतात, ठरावीक लॅबची सक्ती नाही. चिठ्ठीवर प्रत्येक गोळीपुढे कशासाठी ते मराठीत लिहून देतात, बीपी, छातीत जळजळ, असं, आणि खाली बंद केलेल्या गोळ्यांची नावं वेगळी काट मारून. ही काट मारलेली यादी आम्ही फ्रिजवर चिकटवून ठेवलीये, कारण मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून परत तीच पट्टी देतो, एकदा झालंय तसं, बहिणीने पकडलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा जिन्यासाठी कापला.

जाणार असाल तर नंबर सकाळी आठला फोनवर लागतात, साडेआठला भरतात. सोमवारी आणि पोळ्याच्या-दिवाळीच्या आसपास गर्दी डबल. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, आणि गोळ्या पिशवीत, सगळ्या, गावठी काढे-चूर्ण आणि शेजारणीने दिलेली पट्टीसुद्धा. म्हाताऱ्या माणसासोबत ते न्या ज्याच्या हातून रोज गोळ्या दिल्या जातात, मुलगा म्हणून मी गेलो तर मला अर्धं माहितीच नव्हतं. आईची पुढची तारीख फेब्रुवारीच्या शेवटी आहे, ऊन सुरू व्हायच्या आधी सोडियम बघायचंय. या वर्षी बिबडे सकाळी आठच्या आत उरकायचे असं तिने स्वतः ठरवलंय, आणि वरणात मीठ आता माझी बहीण मोजून टाकते.